रुग्ण सहकार्य करत नाही

डॉक्टर, माझ्या बापाच्या कागदावर तुम्ही खोटं लिहिलंत. हिरव्या शाईनं, स्वतःच्या हातानं. आख्खी फाईल इंग्रजीत होती, तेवढी एक ओळ मराठीत होती. ती मी वाचावी आणि बापाला घेऊन मुकाट घरी जावं, असं तुम्हाला वाटत होतं. 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. वाचलंत तर ओळखाल.

तो मंगळवार होता. फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीबाहेर लोखंडी बाकड्यावर मी आणि आबा बसलो होतो. आबा म्हणजे माझा बाप, तायाप्पा गेजगे. वय बासष्ट, मुक्काम लिंगेवाडी, माणदेश. आम्ही होलार. लग्नात, जत्रेत, मयताला वाजवायचं काम आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. आबाच्या काळजाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या, आणि डावीकडची मुख्य नळी दोऱ्याएवढी उरली होती. बायपासशिवाय इलाज नव्हता. पण आधी फुप्फुसं धड आहेत का ते बघायचं, ती पास झाली की ऑपरेशनचा नंबर लागायचा.

"जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही," वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, ठोसर मॅडमनी, आल्या दिवशीच बजावलं होतं.

"हसल्यालं चालंल का?" आबानं विचारलं होतं.

"हळू हसा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

मंगळवारी मात्र आबा हसत नव्हता. मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेली सनई होती.

"ही कशाला आणलीस?" मी म्हणालो.

"घरी ठिवली तर फुंकायची पत्ती वाळून चिरती."

"हितं कोण वाजवणार हाय?"

"कोण न्हाई. जवळ असावी."

वाजंत्र्यांत सनया दोन असतात. एक गाणं वाजवते, दुसरी नुसता सूर धरते. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गाणं वाजवायचा माझा चुलता, आणि लोक त्याला नावानिशी ओळखायचे. सूर धरायचा माझा बाप, त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. गाणंवाला थांबतो, पाणी पितो, पान खातो. सूरवाल्यानं थांबायचं नाही. तो थांबला की आख्खा मांडव वळून बघतो, आणि अक्षतांच्या वेळी सूर तुटला तर नवरीकडची माणसं अपशकुन झाला म्हणून अंगावर येतात. म्हणून सूर धरणारा छाती कधी रिकामी करत नाही. वारा गालात साठवायचा, गालातला बारीक धारेनं सनईत सोडायचा आणि तेवढ्यात नाकानं नवा घ्यायचा. आबा असा तास-तासभर धरायचा.

मी शिकलो नाही. वाजवणाऱ्यांना उन्हात उभं करायचे आणि जेवायला मांडवाबाहेर बसवायचे, ते बघून बाराव्या वर्षीच सांगून टाकलं होतं, मी फुंकणार नाही. पुढं दूध डेअरीच्या संकलन केंद्रावर लागलो. फॅट काढायच्या मशीनवर. लोक दूध आणायचे, मी नमुना मशीनमध्ये घालायचो, आकडा सांगायचो. आबाला त्याचा अभिमान होता. पोरगं मशीनवर हाय, असं तो सांगायचा.

आतून हाक आली. "गेजगे तायाप्पा."

आबानं माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "आत काय करायचं रं?"

मी त्याच्या कानाशी वाकलो आणि एक वाक्य सांगितलं. ते ऐकून त्याचा चेहरा उजळला. पिशवी माझ्याकडं देऊन तो ताठ मानेनं आत गेला.

दार अर्धवट उघडं होतं. मशीनवाल्याचा आवाज ऐकू येत होता. "फुंक. जोरात. अरे जोरात फुंक ना. ए बाबा, ऐकायला येतं का? सोड, सोड सगळं. परत." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो नुसता "जा" म्हणाला.

आबा बाहेर आला तेव्हा कपाळ घामानं थबथबलं होतं.

"झालं?"

"झालं. माणूस तापट हाय," आबा म्हणाला. "नाकाला चिमटा लावला रं त्यानं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

बुधवारी सकाळी तुम्ही राउंडला आलात. मागं दहा-बारा शिकणारी मुलं-मुली, पुढं रणपिसे सिस्टर फाईल घेऊन. आबाच्या कॉटपाशी, चौदा नंबरला, थांबलात. आबा उठून बसायला लागला तर तुम्ही बोटानं झोप म्हणालात. फाईल उघडलीत.

"बिडी?"

"न्हाई साहेब," आबा म्हणाला.

"काम काय करतो?" हे तुम्ही मला विचारलंत.

"सनई वाजवतो."

तुम्ही मागं वळलात. "बघा. आयुष्यभर फुंकून फुंकून फुप्फुसं जुन्या फुग्यासारखी सैल पडली. ताकद बेचाळीस टक्के. आणि खाली काय लिहिलंय? फुंकायला सांगितलं तर नीट फुंकत नाही. हा टेबलावरच जाईल. औषधांवर ठेवा. उद्या डिस्चार्ज."

"साहेब, म्हणजे ऑपरेशन—"

"नाही होणार."

"आणि नाही केलं तर?"

"औषधं लिहून देतो ना." तुम्ही खिशातलं पेन काढलंत आणि ती ओळ लिहिलीत. मग पंधरा नंबरकडं वळलात. माझ्या बापाच्या तोंडाकडं तुम्ही एकदाही बघितलं नाही.

आबा छताकडं बघत पडला होता. सगळं त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल, पण तो तिथं नसल्यासारखं झालं होतं. मग म्हणाला, "फुगा म्हणालं का रं मला?"

मी ठोसर मॅडमना जिन्यापाशी गाठलं.

"मॅडम, घरी नेला तर किती दिवस?"

"असं सांगता येत नाही."

"अंदाज सांगा. मी रडणार न्हाई."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "त्यांची मुख्य नळी बंद होत आलीय. आज होईल, महिन्यानं होईल. स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेले असतील तेव्हाही होईल. जिभेखालची गोळी खिशात ठेवा. हातातच ठेवा."

तेव्हापासून आबा खोकला की मी उठायचो. डोळे मिटले की छाती हलते का बघायचो. तो म्हणाला, "असा काय बघतुयास? म्या काय दूध हाय उतू जायला?"

पंधरा नंबरला हुसेन मुलाणी होते. तासगावकडचे, एसटीचे रिटायर कंडक्टर. त्यांचीही बायपास व्हायची होती. जेवणाची ताटं गेल्यावर त्यांनी आबाच्या कॉटवर टिचकी मारली.

"काय वाजंत्री, उतरताय का पुढच्या स्टॉपला?"

"उतरवत्यात," आबा म्हणाला.

"ह्या सीटचं नशीबच तसं. तुमच्या आधी हितं भीमण्णा होता. जत पल्याडचा, मेंढरं राखणारा. कानडीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. त्यालाबी असाच कागद देऊन पाठवला, हिरव्या शाईचा. मी आलो तेव्हा तपासणी होऊन गेलेली. विजापूर गाडीवर बारा वर्षं काढली मी, थोडी कानडी येते. तर तो मला विचारतो, त्या खोलीतला माणूस माझ्यावर का ओरडत होता?" मुलाणींनी उशी पालथी केली. "दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघून गेला. त्याची चादर धुऊन यायच्या आत तुम्ही आला."

"तुमी कसं पास झाला?" आबानं विचारलं.

"त्यात काय. पोराच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतो तसं. फाट्‌कन. सगळा वारा एका दमात बाहेर, मग छाती पिळून उरलासुरलाबी बाहेर. त्यो मशीनवाला म्हणाला, चाचा, मशीन फोडाल."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला.

"आबा, तू कसा फुंकलास?"

आबा माझ्याकडं बघायला लागला. "तू सांगितलास तसा."

"कसा?"

"आरं, सूर धरल्यासारखा. गाल भरून घेतलं, छाती राखली, आणि बारीक धार सोडली. त्यो म्हणं जोरात. जोरात सोडलं तर सूर फाटतोय की. चिमट्यानं घोटाळा केला, नाकानं वारा घ्यायला येईना. तरी बी मी तुटू दिला न्हाई. तिन्ही डाव."

मंगळवारी दाराशी त्याच्या कानात मी हेच सांगितलं होतं. 'फुंकायचं हाय आबा, सूर धरतोस तसा धर. तुझंच काम हाय ते.' आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या सनईबद्दल चांगलं बोललो होतो. म्हणून तो ताठ मानेनं आत गेला. आणि मशीनला पाहिजे होतं नेमकं उलटं. सगळं एका झटक्यात सोडून रिकामं होणारं माणूस.

मी तुमच्या केबिनकडं पळालो. शिपायानं अडवलं, मी त्याच्या काखेतून आत शिरलो. तुम्ही फोनवर होता. फोन संपेपर्यंत मी हात जोडून उभा राहिलो. हात जोडले होते, हे मला आजही खुपतं.

"साहेब, चूक माझी झाली. मी चुकीचं सांगितलं. त्यांची तपासणी परत एकदा घ्या."

"कोण तू?"

"चौदा नंबर. सनईवाले."

"मग?"

"ते सूर धरल्यागत फुंकले. छाती राखून. पूर्ण सोडलंच नाही. त्यांची फुप्फुसं चांगली हायत साहेब, तासभर—"

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. मी डेअरीत फॅटच्या मशीनवर हाय."

"मग तुला कळायला पाहिजे. मशीन खोटं बोलतं का?"

डॉक्टर, हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोललो होतो. म्हातारी बाई डोक्यावर किटली घेऊन चार मैल चालत यायची आणि म्हणायची, 'बाबा, फॅट एवढी कमी कशी, म्हस तीच, वैरण तीच.' मी म्हणायचो, 'मावशी, मशीन खोटं बोलतं का?' आणि मला माहीत असायचं, की दूध थंड झालं, साय वर आली, आणि न ढवळता खालचा नमुना घेतला, तर मशीन खरंच बोलतं, पण त्या नमुन्याबद्दल. म्हशीबद्दल नाही.

हे मी तुम्हाला सांगायला लागलो. "साहेब, दूध ढवळलं नाही तर—"

तुम्ही हसलात. "हे दूध नाहीये." आणि शिपायाला हाक मारलीत.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत वॉर्ड माणसांनी भरला. मी आबाच्या पायथ्याशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळं झालं, हेही सांगितलं. तो रागवेल असं वाटलं होतं. तो चादरीचा दोरा ओढत बसला.

"म्हंजे त्येंला मोडल्याला सूर पायजे हुता," तो म्हणाला.

"हां."

"आणि आता परत घेत न्हाईत."

"न्हाई."

"मग सनई दे."

"कशाला?"

"सकाळी ते राउंडला येतील तवा धरतो. कानानं ऐकत्याल. फाटका फुगा कधी सूर धरतोय का?"

मी पिशवी मागं ओढली. "आबा, गप पड. शौचाला जोर करू नको म्हणाल्यात, आणि सनई? तिथल्या तिथं जाशील."

"हितं गेलो तर चार डाक्टर हायत. स्टँडवर गेलो तर कोण हाय? तू आणि पिशवी."

"मी देणार न्हाई."

"सुखद्या," तो शांतपणे म्हणाला, "तुला कधी वाजीव म्हणालो का? न्हाई. तुझ्या मनासारखं केलं. आता ह्ये माझ्या मनासारखं हू दे."

मुलाणी दुसरीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी एकही चेष्टा केली नाही, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

गुरुवारी पावणेनऊला मी ठोसर मॅडमना सांगितलं. सांगितलं म्हणजे, त्यांनी थांबवावं म्हणून सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. "वेड लागलंय का? मी परवानगी देऊ शकत नाही." मग आबाकडं बघितलं. तो पत्ती तोंडात धरून भिजवत होता. त्यांनी खिशातून नाडी मोजायचा चिमटा काढला आणि आबाच्या पायाच्या बोटाला लावला. "आकडा एकशे तीसच्या वर गेला तर थांबायचं. छातीत जरासं जरी झालं तरी थांबायचं. आणि मी इथं नव्हते."

"मी पण नाही," रणपिसे सिस्टर म्हणाल्या. "मी चादरी मोजायला गेलेय." त्या गेल्या कुठंच नाहीत. ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत आणून त्यांनी कॉटपाशी उभं केलं आणि भिंतीकडं तोंड करून औषधांची कपाटं पुसायला लागल्या.

जिभेखालची गोळी मी मुठीत धरली.

"करंगळी ध्यानात हाय न्हवं?" आबानं विचारलं.

ध्यानात होती. सूर धरणाऱ्याचा दम संपत आला की तो डाव्या हाताची करंगळी उचलतो. शेजारचा ते बघून आपली सनई तोंडाला लावतो, तोच सूर पकडतो, आणि मगच पहिला सोडतो. सूर एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात जातो, मधी तुटत नाही. एवढं मी लहानपणापासून बघितलेलं होतं.

"ध्यानात हाय," मी म्हणालो. पण आता करंगळी उचलली तर घेणार कोण, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात तुमचा आवाज आला, आणि आबानं सूर धरला.

आधी अगदी बारीक. मग तो भरत गेला. गाणं नाही, चाल नाही, फक्त एक सूर, सरळ, ताणलेल्या तारेसारखा. चाळीस कॉटांचा वॉर्ड गप्प झाला. कुणीतरी रेडिओ बंद केला. मी आबाच्या तोंडाकडं बघू शकत नव्हतो, मी पायाच्या बोटावरचा आकडा बघत होतो. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. सत्त्याण्णव.

मान वर केली तर तुम्ही दारात होता. दारावरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मागं पोरंपोरी कुजबुजत होती. तुम्ही हात वर करून त्यांना गप्प केलंत. आणि ऐकायला लागलात.

एकशे चार. आबाचे गाल भरायचे, उतरायचे, नाकपुड्या किंचित हलायच्या, पण सूर हलत नव्हता. एकशे अकरा. नऊ बारा. मला वाटलं आता तुम्ही आत याल. एवढ्या जवळून आवाज कुठनं येतोय हे कुणालाही कळलं असतं. मुलाणी कोपरावर उठून तुमच्याकडं बघत होते. आख्खा वॉर्ड तुमच्याकडं बघत होता. एकशे एकोणीस. आबाच्या वरच्या ओठावर घाम आला. मानेची शीर दोरीसारखी वर आली. एकशे सव्वीस. ठोसर मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

नऊ चौदा. तुम्ही हात खाली घेतलात, वळलात, आणि बायकांच्या वॉर्डकडं निघून गेलात.

आबाची तुमच्याकडं पाठ होती. त्याला तुम्ही गेलेलं दिसलं नाही. तो धरूनच होता. तुम्ही कॉटपाशी येईपर्यंत तो तुटू देणार नव्हता.

मग त्याची करंगळी उचलली गेली.

डॉक्टर, मी भीती म्हणजे काय ते त्या करंगळीत बघितलं. ती हवेत थरथरत होती आणि त्याचे डोळे माझ्याकडं वळले होते. सवयीनं. पन्नास वर्षांच्या सवयीनं तो शेजारच्याकडं बघत होता. आणि शेजारी मी होतो, चौतीस वर्षांचा त्याचा पोरगा, हातात सनई नाही, छातीत दम धरायची अक्कल नाही, मुठीत घामानं भिजलेली एक गोळी. आकडा एकशे एक्केचाळीस होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी तो सोडत नव्हता, कारण कुणी पकडल्याशिवाय सोडायचं नसतं.

मी सनई त्याच्या तोंडातनं ओढून काढली. सूर मी तोडला.

पत्तीनं त्याचा ओठ फाटला. तो छाती धरून वाकला. मी गोळी जिभेखाली सारली, सिस्टरनी मास्क लावला, मॅडम ओरडून कुणाला तरी मशीन आणायला सांगत होत्या. मी त्याची करंगळी हातात धरून बसलो. दुसरं काय धरावं ते मला कळत नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुलाणी अल्लाचं नाव घेत होते. आठव्या की नवव्या मिनिटाला आबाच्या ओठांत रंग आला.

त्यानं मास्क बाजूला केला. "आलं का ते?"

"आलं हुतं," मी म्हणालो. "ऐकलं त्यांनी."

"मग काय म्हणालं?"

मी मास्क परत त्याच्या तोंडावर ठेवला.

छातीत दुखलेल्या माणसाला घरी पाठवता येत नाही. त्यामुळं डिस्चार्ज थांबला. शनिवारी ठोसर मॅडमनी स्वतःच्या सहीनं आबाला परत त्या खोलीत नेलं. या वेळी मलाही आत घेतलं.

"आबा, आज सूर धरायचा न्हाई," मी म्हणालो. "मोडायचा. सगळा वारा एकदम सोडून छाती रिकामी कर."

"रिकामी?"

"पार रिकामी."

त्याला ते जड गेलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले आणि सोडलं. त्र्याऐंशी टक्के. मशीनवाला आकड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." त्याला कोण सांगणार होतं. सांगणाऱ्याच्या, माझ्या बापाच्या, तोंडात तर त्यानं नळी कोंबली होती.

सोमवारी राउंडला तुम्ही नवा कागद बघितलात. "बरं. लावा नंबर," एवढं म्हणालात. नऊ दिवसांनी तुम्हीच त्याचं ऑपरेशन केलंत. सहा तास. तुमच्या हातात हुन्नर आहे, हे मी नाकारत नाही. त्या हातांनी माझा बाप अकरा वर्षं जगला. ठोसर मॅडमची त्याच महिन्यात दुसऱ्या विभागात बदली झाली. का झाली, ते तुम्हाला माहीत असेल.

छातीचं हाड जुळल्यावर आबानं मला सूर धरायला शिकवलं. मी वाईट धरतो. पण करंगळी उचलली तर घेतो. डेअरीत मी होतो तोवर दुधाचा एकही नमुना न ढवळता मशीनमध्ये घातला नाही.

गेल्या वर्षी आबाचे कागद चाळताना फाईल सापडली. त्र्याऐंशी टक्क्यांचा कागद टाचणीनं वर लावलेला आहे. खाली तुमची हिरवी ओळ तशीच आहे. ती तुम्ही खोडली नाहीत.

मी जतच्या पल्याड तीनदा जाऊन आलो. भीमण्णा, मेंढरं राखणारा, एवढ्यावर माणूस सापडत नाही. त्या भागात असे पुष्कळ आहेत. त्याची फाईल मात्र तुमच्याकडं आहे. तिच्यात त्याचं पूर्ण नाव आहे, गाव आहे, आणि तीच ओळ आहे.

म्हणून विचारतो. त्या चार मिनिटांत तुम्हाला कळलं होतं. कळलं नसतं तर पोरांना गप्प करायला हात वर गेला नसता. मग तुम्ही आत का आला नाहीत? माझ्या बापाच्या पिशवीत सनई होती, म्हणून तुम्हाला ऐकू गेलं. भीमण्णाच्या पिशवीत काय होतं? त्याला एकदा तरी त्याच्या भाषेत कुणी सांगितलं होतं का, की फुंक? तो कुठल्या स्टँडवर उतरला? त्याच्या आधी त्या कॉटवर कोण होतं, आणि त्याच्याही आधी?

उत्तर द्या. मराठीत द्या. ती तुम्हाला लिहिता येते, हे मी बघितलंय.